रोल धुवायला टाकलाय

अबुधाबीत उन्हाळ्यात एक गंमत असते. गार पाण्याचा नळ सोडला की गरम पाणी येतं, आणि गरम पाण्याचा सोडला की त्यातल्या त्यात गार! कारण अगदी साधं आहे. पाण्याची टाकी गच्चीवर, दिवसभर उन्हात तापणारी. गिझर मात्र घरात, एसीच्या गारव्यात. त्यामुळे मे महिना लागला की इथली जुनी मंडळी गिझरचं बटण बंद करतात आणि थेट ऑक्टोबरपर्यंत त्या गिझरचाच माठ करतात. नवीन आलेला माणूस पहिल्या उन्हाळ्यात एकदा तरी हात भाजून घेतो आणि शहाणा होतो. मीही झालो.

आता हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मला २० अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. अंघोळीला नव्हे, ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायला. आमच्या गिझरचा माठ काही २८ अंशांच्या खाली उतरत नाही. मग डेव्हलपरची बाटली परातीत उभी करायची, भोवती फ्रीजमधला सगळा बर्फ ओतायचा आणि थर्मामीटर घेऊन पहारा करायचा. "सरबताला एक खडा ठेवला नाहीस," हे वाक्य दर महिन्या-दीड महिन्याने एका शनिवारी आमच्या घरात उच्चारलं जातं.

(रंगीत फिल्मचं डेव्हलपर ३८ अंशांवर लागतं. म्हणजे जुलै महिन्यात नुसता गार पाण्याचा नळ सोडला की काम भागतं. युरोपात लोक त्यासाठी हीटर विकत घेतात. वाळवंटात राहण्याचे असे काही छुपे फायदे आहेत.)

आम्ही राहतो ते खलिफा सिटी म्हणजे अबुधाबी शहर नव्हे. शहर बेटावर आहे आणि आम्ही मुख्य भूमीवर, विमानतळाच्या शेजारी. टीव्हीवर दिसतात ते काचेचे मनोरे इकडे नाहीत. एकमजली-दुमजली, मातकट रंगाचे व्हिला, उंच भिंती, भिंतीबाहेर डोकावणारी बोगनवेल आणि खजुराची झाडं. पलीकडेच मसदार सिटी आहे. सौरऊर्जा हा माझा विषय, त्यातही पॅनेलवर बसणारी धूळ. पॅनेलवर किती धूळ बसली की किती वीज बुडते, ती पुसायची कधी आणि कशाने, यावर मी दिवसभर आकडेमोड करतो. आजी असती तर म्हणाली असती, "एवढं शिकून शेवटी फडकंच मारतोस ना रे?"

तर असा मी, सिलिकॉनवर पोट भरणारा माणूस, फावल्या वेळात चांदीच्या मागे का लागलो, हे आज लिहायचं आहे. गेले काही महिने मित्र विचारताहेत आणि मी दरवेळी वेगळं उत्तर देतो आहे. खरं उत्तर जरा लांबलचक आहे आणि ते खलिफा सिटीत सुरू होत नाही. ते सांगलीत सुरू होतं.

पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. "फिल्मचा फोटो तो फोटो, डिजिटलला ती मजा नाही," असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. उजेडाचं विजेत रूपांतर कसं होतं, हे शिकण्यात मी उमेदीची चार-पाच वर्षं परदेशात घालवली आहेत. साधारण कुठल्याही मोजपट्टीने पाहिलं तरी आजचा सेन्सर ३५ मिलिमीटरच्या फिल्मला मागे टाकतो. अंधारात तर तुलनाच नको. शिवाय खर्च! इथे एक रोल पन्नासेक दिरहमला पडतो. रंगीत रोल धुऊन आणि स्कॅन करून द्यायला दुबईतलं दुकान जवळपास तेवढेच घेतं. म्हणजे एका फोटोला अडीच दिरहम, आपले साठ रुपये झाले. दर क्लिकला एक मिसळ! फोनने फुकटात निघणारा फोटो साठ रुपयांना काढणं हा शहाणपणा आहे, असा दावा मी करणार नाही.

आता सांगली.

आमचं घर गावभागात, कृष्णेपासून चालत पाच-सात मिनिटांवर. १९८० साली आई-बाबांच्या लग्नात कुवेतच्या मामाने बाबांना एक कॅमेरा भेट दिला होता. याशिका इलेक्ट्रो ३५. जुन्या माणसांना आठवत असेल. वीट हातात धरल्यासारखा जड, चंदेरी, पुढे ४५ मिलिमीटरची एक मोठी भिंग. आत पाहिलं की मधोमध एक पिवळसर चौकोन, त्यात माणूस दोनदा दिसतो. भिंगाचं कडं फिरवून ती दोन माणसं एकमेकांवर बसवायची, की झाला फोकस. उजेड कमी असला तर पिवळा दिवा, जास्त झाला तर तांबडा. बाकी सगळं कॅमेरा स्वतः ठरवतो.

बाबा वीज मंडळात नोकरीला. रोल महाग, धुणं महाग, कॉपी काढणं त्याहून महाग. त्यामुळे वर्षाला एक रोल हा घरचा नियम होता. दिवाळीला तीन-चार, संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून एक, गणपतीला दोन, कोणाचं लग्न निघालं तर सात-आठ. तरीही रोल संपायचा नाही. मग मे महिन्यात "रोल संपवायचाय, चला रे" अशी हाक यायची आणि आम्ही भावंडं आजीच्या दोन बाजूंना उभी राहायचो. त्यानंतर आठवडाभर घरात एकच प्रश्न. "रोल आला का?" आणि बाबांचं उत्तर, "धुवायला टाकलाय."

बाबांकडे चाळीस पानी वही होती. प्रत्येक फोटोची नोंद. रोल नंबर, फोटो नंबर, तारीख, कोण, कुठे. १९८१ ते २००२ या बावीस वर्षांत एकोणीस रोल झाले. छत्तीस गुणिले एकोणीस, सहाशे चौऱ्याऐंशी. माझं सगळं बालपण, ताईचं सगळं बालपण, आजीची म्हातारपणाची वीस वर्षं, सगळं मिळून ६८४ फोटो. माझ्या मुलाचे पाच वर्षांत फोनवर चौदा हजार आहेत. त्यात बादलीचे दोनशे असतील, कारण त्याला मध्यंतरी बादली आवडायची.

२००५ मध्ये घरात डिजिटल कॅमेरा आला आणि याशिका कपाटात गेली. तेव्हा मी अठरा वर्षांचा, नुकताच इंजिनिअरिंगला गेलेला. फोटो संगणकावर उतरवून ठेवणं हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. वर्षाप्रमाणे फोल्डर, प्रसंगाप्रमाणे उपफोल्डर. ताईचं लग्न, आजीचं सहस्रचंद्रदर्शन, मी परदेशी निघालो तो दिवस. आजी २०१३ मध्ये गेली. तिच्या शेवटच्या आठ वर्षांचे सगळे फोटो त्या एका संगणकात होते.

"त्याची दुसरी प्रत करून ठेव रे," असं बाबा मला दर सुट्टीत सांगायचे. २०१६ च्या सुट्टीत मी त्यासाठी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क विकत घेतली. चार तास लागणार होते. एक दिवस ताईकडे जेवण, एक दिवस नृसिंहवाडी, एक दिवस मित्र. सुट्टी संपली. हार्ड डिस्क खोक्यासकट बॅगेत परत आली. ती अजूनही माझ्याकडे आहे. कोरी.

ऑगस्ट २०१९. पुढचं सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. गावातल्या सगळ्यांच्या डोक्यात माप होतं ते २००५ च्या पुराचं. तेव्हा आमच्याकडे पाणी ओट्यापर्यंत आलं होतं. बाबांनी हिशेबाने त्याच्यावर अडीच-तीन फूट धरले आणि जपायच्या गोष्टी मधल्या खोलीतल्या टेबलावर रचून ठेवल्या. फोटोंचे अल्बम, संगणकाचा डबा आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, ज्यात एकोणीस रोलच्या निगेटिव्ह आणि ती वही होती. कॅमेरा तेवढा आईने कपड्यांच्या पिशवीत टाकला. मग दोघं विश्रामबागेत ताईकडे गेली. पाणी टेबलाच्या दीड फूट वर गेलं आणि काही दिवस तिथेच राहिलं.

मी संशोधक आहे, पण प्रयोगाची इतकी चोख मांडणी मलाही जमली नसती. तेच टेबल, तीच उंची, तेच पाणी, तितकेच दिवस. तीन नमुने.

पहिला नमुना, अल्बम. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की चिकट होतो आणि समोरच्या फोटोला जाऊन बसतो. आमचे चार अल्बम म्हणजे चार विटा झाल्या होत्या. सोडवायला गेलं की एका फोटोतला चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर यायचा.

दुसरा नमुना, संगणक. बाबांनी मला फोन केला. मी इथून, एसीत बसून, पूर्ण आत्मविश्वासाने सांगितलं, "चार दिवस उन्हात नीट वाळवा आणि मग चालू करून बघा." त्यांनी तसंच केलं. टक, टक, टक असा आवाज आला आणि थांबला. नंतर पुण्यात डेटा काढून देणाऱ्या एका माणसाकडे ती डिस्क नेली. त्याने उघडून पाहिली आणि विचारलं, "वाळवून चालू करायला कोणी सांगितलं? आत गाळ होता. तसाच ओला आणला असता तर काहीतरी प्रयत्न करता आला असता." ताईने त्याला काही सांगितलं नाही. मलाही फारसं बोलली नाही. त्याने जास्तच लागलं.

तिसरा नमुना, पत्र्याचा डबा. डबा पाण्याने भरला होता. आत पट्ट्या ओल्या, गाळाने माखलेल्या. याबाबत मात्र बाबांनी मला विचारलंच नाही. त्यांच्या रोज बसण्याउठण्यातल्या एका स्टुडिओवाल्याने फार वर्षांपूर्वी त्यांना सांगून ठेवलं होतं. ओली निगेटिव्ह चिकटलेली असताना वाळू द्यायची नाही. आधी स्वच्छ गार पाण्यात सोडायची, हळूहळू सुटी करायची, पुसायची नाही, टांगून ठेवायची. नळाला पाणी नव्हतं. टँकरच्या पाण्याच्या दोन कळशा आईने प्यायला म्हणून भरून आणल्या होत्या. बाबांनी त्यातली एक पिंपात ओतली आणि निगेटिव्ह धुवायला बसले.

आई जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरात घोट्याएवढा चिखल, भांडी चिखलात, प्यायला पाणी नाही आणि हा गृहस्थ फोटो धुतोय! दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून फिल्मच्या पट्ट्या लटकत होत्या. "कृष्णामाईने सगळे रोल पुन्हा एकदा धुऊन दिले," असं बाबा फोनवर म्हणाले. ते हसत होते की काय, मला नीट कळलं नाही.

एकोणिसांपैकी पंधरा रोल जवळजवळ पूर्ण वाचले. चार रोलमध्ये थर सुटून गेला, कुठे डाग पडले. वहीची पानं फुगली, पण बाबांनी बॉलपेनने लिहिलं होतं, त्यामुळे अक्षर शाबूत. आजी १९८१ पासून २००२ पर्यंत आहे. त्यानंतर ती जवळपास नाहीच. ई-मेलने मला कधीतरी पाठवलेले, आकाराने लहान केलेले नऊ फोटो माझ्या मेलबॉक्समध्ये सापडले. आठ वर्षांची आजी, नऊ टिकल्याएवढे फोटो.

पुढे २०२२ मध्ये सांगलीला गेलो तेव्हा निगेटिव्ह स्कॅन करायला म्हणून डबा इकडे आणला. येताना कॅमेराही मागून घेतला. "त्याचा सेल मिळत नाही आता," बाबा म्हणाले. खरं होतं. याशिकाला पाऱ्याचा ५.६ व्होल्टचा सेल लागायचा आणि पाऱ्याचे सेल कधीच बंद झाले. पण ६ व्होल्टचा साधा सेल एका छोट्या नळीत स्प्रिंग घालून बसवता येतो. तो बसवला, बटण दाबलं आणि पिवळा दिवा लागला. आखातातून सांगलीला गेलेला कॅमेरा बेचाळीस वर्षांनी पुन्हा आखातात आला.

स्कॅनिंगला दोन महिने लागले. रोज रात्री मुलगा झोपल्यावर दोन-दोन पट्ट्या. तेव्हा त्या पट्ट्यांकडे पहिल्यांदा इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं. काय आहे ही वस्तू? प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर, त्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक. उजेडाचे मोजके कण एखाद्या स्फटिकावर पडले की त्यात चांदीचे जेमतेम काही अणू सुटे होतात. डोळ्याला काही दिसत नाही. ही सुप्त प्रतिमा अंधारात गुपचूप बसून राहते. डेव्हलपरमध्ये घातलं की ज्या स्फटिकाला उजेड लागला होता तो अख्खा काळ्या चांदीत बदलतो. चार-दोन अणूंचे अब्जावधी होतात. मग हायपोमध्ये उरलेले क्षार विरघळून जातात आणि उरते ती चांदी. रंगीत फिल्ममध्ये शेवटी चांदीही काढून टाकतात आणि तिच्या जागी रंग उरतात.

यातली मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट अशी, की एकदा धुऊन वाळवली की या वस्तूला कोणाचीच गरज उरत नाही. वीज नको, पासवर्ड नको, दर पाच वर्षांनी नव्या डिस्कवर हलवायला नको. वाचायला यंत्र नको, खिडकीसमोर धरली की झालं. बाबांनी तो डबा वीस-बावीस वर्षं उघडलाही नव्हता. फाइलचं तसं नाही. फाइल टिकते ती कोणीतरी तिची सतत राखण करत असतं म्हणून. दोन प्रती, तीन प्रती, एक घरात, एक घराबाहेर, अधूनमधून तपासणी. राखण केली तर ती फिल्मपेक्षाही जास्त टिकेल, एका कणाचाही फरक न पडता. पण राखण करणारा माणूस लागतो. आमच्या घरात तो माणूस मी होतो आणि मी नृसिंहवाडीला गेलो होतो.

म्हणजे वाद फिल्म की डिजिटल असा नव्हताच. निगेटिव्ह दुर्लक्ष सोसते, फाइल सोसत नाही. आणि आपण घरापासून दूर राहणारी माणसं सगळ्यात मोठ्या प्रमाणावर काय करत असू तर दुर्लक्ष. प्रेम नसतं असं नाही. पुढच्या सुट्टीत करू, असं असतं.

अर्थात फिल्मलाही अमरपट्टा नाही, हे आपल्या मराठी माणसांना तरी वेगळं सांगायला नको. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा सरस्वतीबाई घरात बसून फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत, फिल्म धुवायला मदत करत. इतक्या कष्टाने झालेला तो चित्रपटही आज पूर्ण उरलेला नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म तर पेटायला निमित्तच शोधायची. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि कितीतरी जुन्या चित्रपटांची रिळं त्यात गेली. घरगुती निगेटिव्हवर बुरशी येते, रंग उडतात. सोसण्यालाही मर्यादा असते एवढंच.

दुसरीकडे, डिजिटल कॅमेरा ज्यांनी शोधला त्या कोडॅकचीच गंमत बघा. १९७५ मध्ये त्यांच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचं चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागायचे. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी त्यांनी बंद केलेली एक्टाक्रोम ही फिल्म मात्र २०१८ मध्ये परत आली, कारण लोक मागायला लागले होते. २०२४ मध्ये तर पेंटॅक्सने फिल्मचा एक कोरा करकरीत नवा कॅमेरा बाजारात आणला. म्हणजे हे खूळ माझ्या एकट्याचं नाही. (आणि चांदीचं म्हणाल तर एके काळी जगातली भरपूर चांदी फोटोच्या फिल्ममध्ये जायची. आता ती सौर पॅनेलच्या तारांमध्ये जाते. म्हणजे दिवसा आणि रात्री मी एकाच धातूची चाकरी करतो!)

माझी सुरुवात मात्र फारच थाटात झाली. पहिला रोल घातला, खलिफा सिटीतल्या बागेत मुलाला घसरगुंडीवर टिपला, अल ऐनला जाऊन जाहिली किल्ल्यात विल्फ्रेड थेसिगरच्या फोटोंचं प्रदर्शन पाहिलं. या गृहस्थाने १९४६ ते १९४८ या काळात उंटावरून रुब अल् खालीचं वाळवंट दोनदा ओलांडलं, लायका कॅमेरा घेऊन. त्याच्या ३८ हजारांवर निगेटिव्ह आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत. वाळू, घाम, उंट, सगळ्यांतून त्याचे रोल सुखरूप आले. मी एसी गाडीतून जाऊन आलो आणि घरी येऊन धुतला तर माझा रोल अथपासून इतिपर्यंत कोरा! फिल्मचं टोक आतल्या चक्रीत अडकलंच नव्हतं. छत्तीस वेळा खटका वाजला आणि फिल्म जागची हलली नाही.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "खटका ओढताना डावीकडची कळ फिरते का ते बघायचं. फिरली नाही म्हणजे फिल्म सरकत नाही. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय." पाहिलं. लिहिलं होतं. १९८१ साली त्यांचाही पहिला रोल कोराच निघाला होता!

दुसरा रोल उन्हाळ्यात गाडीच्या कप्प्यात राहिला आणि भाजला. तिसरा सुट्टीत घेऊन येताना विमानतळावरच्या यंत्रातून गेला. आता जागोजागी बसवलेल्या सीटी स्कॅनर पद्धतीच्या यंत्रातून न धुतलेली फिल्म एकदाही जाऊ देऊ नका, असं फिल्मवाल्या कंपन्याच सांगतात. हाताने तपासा म्हणून विनंती करायची असते. मी मागे रांग आहे म्हणून संकोचलो. सगळ्या रोलवर धुकं. चौथ्यापासून मात्र जमायला लागलं.

गेल्या हिवाळ्यात ओळखीतले एक काका मिरजेला निघाले होते. त्यांच्याबरोबर चौतीस फोटो छापून बाबांकडे पाठवले. सोबत माझी वही, रोल नंबर आणि फोटो नंबर घालून. व्हॉट्सअॅपवर रोज नातवाचे फोटो जातात, त्यावर बाबांचा अंगठा येतो. या पाकिटावर तीन दिवस काहीच आलं नाही. चौथ्या दिवशी फोन आला.

"मिळालं पाकीट."

"कसे वाटले?"

"सोळा नंबर हललाय. बावीसमध्ये फोकस पोराच्या मागच्या भिंतीवर गेलाय. बाकी ठीक आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "एवढा खर्च कशाला करतोस? फोनवर चांगले येतात की."

"बरं."

"आणि एक. तू कुठेच नाहीस रे यात."

मी काहीच बोललो नाही. कारण स्कॅन करताना मी मोजलं होतं. वाचलेल्या निगेटिव्हमध्ये आजी दीडशेच्या वर आहे, आई तेवढीच, आम्ही भावंडं तर सगळीकडे. बाबा फक्त अकरा फोटोंत आहेत. त्यातले सहा हललेले, कारण तो पिवळा चौकोन जुळवायला घरात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. बावीस वर्षं ते समोर उभे होते, फक्त कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला.

"सुनेच्या हातात दे कॅमेरा एकदा," बाबा म्हणाले. "हलला तर हलला."

पाकीट त्यांनी पत्र्याच्या डब्यात ठेवलंय, असं आईने नंतर सांगितलं. डबा आता वरच्या मजल्यावर असतो. आणि हो, सगळ्या स्कॅनच्या तीन प्रती केल्या आहेत. एक इथे, एक ताईकडे, एक ढगात. दर पाडव्याला उघडून तपासतो. ती कोरी हार्ड डिस्क तेवढी तशीच ठेवली आहे, टेबलावर, समोर दिसेल अशी.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी बायकोच्या हातात याशिका दिली. मी आणि मुलगा भिंतीला टेकून उभे राहिलो, बोगनवेलीखाली. तिने बराच वेळ आत पाहिलं. "दोन-दोन दिसताय तुम्ही," म्हणाली. "एकावर एक बसव," मी म्हणालो. खटका वाजला. मुलगा धावत जाऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागे बघून आला. तिथे नुसतं काळं झाकण.

"फोटो कुठाय?"

"धुवायला टाकायचाय," मी म्हटलं.

आज शनिवार आहे. बर्फ संपलाय आणि घरात सरबत नाही. रोल टाकीत आहे. कसा आला ते कळवतो.